दोन मिनिटांचा थांबा

नाशिकरोड आणि मनमाड यांच्या दरम्यान आमचं स्टेशन आहे. नवख्या माणसाला तिथं वाटतं, गाडी सिग्नलसाठी थांबली असावी. दगडी इमारत इंग्रजांच्या काळातली, आणि गावाला तिचा भारी अभिमान. सोयी म्हणाल तर एक तिकीट खिडकी, एक नळ, दोन बाकं आणि कोळशाच्या इंजिनांना पाणी पाजणारी लोखंडी टाकी. इंजिनं विजेवर धावायला लागून जमाना झाला, पण टाकीवर कबुतरांची सोय होते, म्हणून ती आहे. नाशिककडे जायला दिवसाकाठी दोन पॅसेंजर. एकीनं गेलं तर कॉलेजचं कुलूप आपणच उघडायचं, दुसरीनं गेलं तर ते लावायला मदत करायची.

या दोघींच्या मधे, सकाळी नऊच्या सुमारास, एक एक्स्प्रेस धूळ उडवत जायची. ती आमच्याकडे थांबावी हा माझ्या वडिलांचा ध्यास. अण्णा गावच्या शाळेत मास्तर. मी पाचवीत असताना त्यांनी पहिला अर्ज लिहिला आणि मला म्हणाले, "तू कॉलेजात जाशील तेव्हा ही गाडी तुझ्यासाठी इथं थांबेल." मुलीला खच्चून भरलेल्या जीपमधून पाठवायचं नाही आणि नाशकात ठेवायला नातेवाईक नाहीत, तेव्हा गाडीच थांबवायची, असा त्यांचा सरळ विचार. आपल्या मुलीसाठी कुणी आगगाडी थांबवायला निघालंय, याचा मला तेव्हा काय गर्व होता!

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात. आम्ही दहा वर्षं थांबलो. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना पत्र आलं. थांबा मंजूर, दोन मिनिटं, सहा महिन्यांसाठी, प्रायोगिक तत्त्वावर. प्रवासी मिळाले तर पुढं चालू, नाहीतर बंद. तोवर अण्णांनी नाइलाजानं मला जीपची परवानगी दिली होती आणि खच्चून भरलेल्या जीपची मला चांगली सवयही झाली होती.

पहिल्या दिवशी सगळं गाव स्टेशनावर लोटलं. बँड आला, इंजिनापुढं नारळ फुटला, ड्रायव्हरला हार घातले. दोन मिनिटं त्यातच संपली. ज्यांना नाशिकला जायचं होतं तेही टाळ्या वाजवत उभे राहिले, गाडी सुटल्यावर भानावर आले आणि जीप पकडायला पळाले. मीही त्यांच्यातच होते.

अण्णांनी मला पास काढून दिला. पंधरा दिवस मी इमानानं गाडीनं गेले. पण गाडी सोडायची नाशिकरोडला. तिथून शहरात जायला सिटी बस, ती आलीच तर तुडुंब. जीप थेट शहरात, द्वारका चौकात उतरवायची. सोळाव्या दिवशी उशीर झाला म्हणून जीपनं गेले. मग रोजच उशीर व्हायला लागला. संध्याकाळी अण्णा विचारायचे, "गाडी वेळेवर होती ना?" मी म्हणायचे, "दहा मिनिटं लेट." हे उत्तर कुठल्याही दिवशी खपण्यासारखं होतं.

अडचण एकच. हायवेला लागायला जीपला स्टेशनापुढचं रेल्वे फाटक ओलांडावं लागायचं. पूर्वी एक्स्प्रेस सुसाट जायची आणि फाटक लगेच उघडायचं. आता गाडी स्टेशनात उभी, तोवर आम्ही फाटकात उभे. फाटकवाला अण्णांचाच जुना विद्यार्थी. मला जीपच्या मागच्या बाकावर बघून तो नुसती मान हलवायचा.

सहा महिने भरत आले तेव्हा कळलं, पाहणीला साहेब येणार. अण्णा घरोघर फिरले. "स्टेशनावर या. आणि पाऊल टाकायचं तर तिकीट काढूनच," असं प्रत्येकाला बजावलं. आमच्या गावात फुकट प्रवास हा जन्मसिद्ध हक्क मानला जायचा, म्हणून एवढी ताकीद. गावानं गुरुजींचा शब्द पाळला. झाडून सगळे आले आणि प्रत्येकानं रांगेत उभं राहून प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. गाडी आली. भाजीच्या पाट्या घेऊन दोघी जणी चढल्या. बाकीचं गाव हातात तिकीट धरून शिस्तीत उभं राहिलं. साहेब म्हणाले, "गुरुजी, इतकं शिस्तीचं गाव मी पाहिलं नाही. पण जातं कोण?"

"माझी मुलगी जाते," अण्णा म्हणाले. "रोज. आत्ताही चढली असेल मागच्या डब्यात."

हे सगळं त्यांनीच मला संध्याकाळी सांगितलं, साहेबांना कसं निरुत्तर केलं ते. सकाळी "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच" म्हणून मी त्यांना पाठवलं होतं आणि त्या वेळी मी फाटकात होते. जीपवाला पुढच्या गावचा, मी कुणाची हे त्याला ठाऊक नव्हतं. तो स्टीअरिंगवर हात आपटत म्हणाला, "कोन्या येड्यानं मागितला ह्यो थांबा? लय ताप झालाय डोक्याला."

शेजारचा म्हणाला, "एका मास्तरनं, म्हणं. पोरीसाठी."

"मग बसती का ती पोरगी गाडीत?"

जीप खदखदून हसली. मीही हसले. तेवढ्यात गाडी समोरून हळूहळू गेली. डबे रिकामे दिसत होते आणि मला माझीच किळस आली.

महिन्याभरात पत्र आलं. नागरिक शिस्तप्रिय, प्रवासी नगण्य, सबब थांबा रद्द. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि अर्जांच्या फायलीत शेवटी लावलं. मी म्हटलं, "वाईट झालं, अण्णा." खरं सांगायला तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते. अण्णा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "जीपमध्ये पुढं बसत जा. मागं बसतेस म्हणे. धूळ फार लागते."