वर वळवलेले दिवे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, असं बहरीनमधली निम्मी मराठी माणसं शपथेवर सांगतील. कुणाचं श्रीखंड फसलं, कुणाच्या सासूबाईंनी विमानात लोणच्याची बरणी फोडली – सगळं माझ्याच तोंडून, आवाज काढून, हातवाऱ्यांसकट. जेवणाला चार घरं जमली की मला मधोमध बसवतात. आणि ही गोष्टसुद्धा मी पुष्कळदा सांगितली आहे. टाळ्या घेतल्या आहेत. फक्त खोटी सांगितली आहे.

तुम्ही म्हणाल, गाडीच्या फॉग लाईटबद्दल माणूस खोटं बोलून बोलून किती बोलणार? बसा जरा.

आमच्याकडे हिवाळ्यात सकाळी समुद्रावरून धुकं येतं. वाळवंटात धुकं कसलं, असं नवीन माणूस हसतो, आणि एक दिवस हायवेवर त्याला स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसेनासं होतं. म्हणून थंडी तोंडावर आली की बुसैतीनला आमच्या इमारतीखाली एक सोहळा व्हायचा. शुक्रवारी दिवेलागणीला ओळखीपाळखीच्या गाड्या कंपाउंडच्या भिंतीसमोर लागायच्या, आणि वैजूवहिनी ओढणी कमरेला खोचून एकेकाचे फॉग लाईट लावून द्यायच्या.

वैजूवहिनी म्हणजे माझ्या मित्राची, अनंताची बायको. नाशिकच्या, मेकॅनिकल इंजिनियर, इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्या म्हणून घरी बसलेल्या. घरी बसणं त्यांना मानवायचं नाही. अनंता आणि मी मआमीरजवळ एकाच कंपनीत, रोज माझ्याच गाडीने जायचो.

वहिनींचा थाट बघण्यासारखा. आधी टायरची हवा तपासायच्या. चालकाच्या जागी कुणाला तरी बसवायच्या, कारण वजनाने गाडी दबते. भिंतीवर दिव्याच्या उंचीला चिकटपट्टी लावायच्या, मग बंपरमागचा स्क्रू हळूहळू फिरवून उजेडाची वरची कड पट्टीच्या खाली आणायच्या. आणि वर प्रत्येकाला दम – ‘हे दिवे लांबचं बघायला नाहीत. जमिनीलगत, रुंद, जवळचं. रस्त्याची कड दिसली, झालं. वर माराल तर धुकंच उजळेल, समोर पांढरी चादर. कळलं का, भाऊजी?’

कळलं होतं. मला अगदी व्यवस्थित कळलं होतं – हे तेवढं लक्षात ठेवा.

त्या वर्षी मी नवीन दिवे बसवले होते. पिवळेधमक, दणदणीत. वहिनींनी ते नियमाप्रमाणे खाली वळवून दिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मित्रांना समुद्राकाठी दाखवायला नेलं, तर उजेड गाडीच्या पायाशी अंथरलेल्या सतरंजीसारखा. एकजण म्हणाला, ‘काय राव, दिवे लावलेत की रांगोळी काढलीय?’ सगळे हसले. माझ्यावर. मला लोकांना हसवायची सवय आहे, स्वतःवर हसून घ्यायची नाही – हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

घरी आलो. स्क्रूड्रायव्हर घेतला. दोन्ही दिवे वर केले. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे उजळले तेव्हा मी एकटाच खुदकन हसलो. किती सोपं होतं! कुणी पाहिलं नाही.

पुढे ती सकाळ आली. धुकं असं की अनंता म्हणाला, ‘अरे, सुट्टीच टाकूया.’ मी म्हटलं, यल्ला, निघू. हायवेला लागलो आणि समोर पांढरं. पुढे उजेड पडत नव्हता, उजेड परत येत होता, माझ्याच डोळ्यांत. मला कारण माहीत होतं. एक बटण दाबायचं होतं, बस्. अनंतानेच सांगितलं, ‘फॉग बंद करून बघ रे, उलटंच होतंय काहीतरी.’

आणि मी काय म्हणालो? ऐका. मी म्हणालो, ‘तुझ्या बायकोने लावलेत. शंका घेतोस? घरी सांगू का?’

तो हसला. हसत होता तेव्हाच आम्ही रस्त्याच्या कामापुढे ठेवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर आदळलो. धडक त्याच्या बाजूला बसली. मला कपाळावर खोक. त्याचा गुडघा – तो नंतर ऑपरेशन करूनही पूर्ण वाकला नाही.

दोन-तीन दिवसांनी गॅरेजमध्ये गाडी बघायला गेलो तेव्हा वहिनी बरोबर होत्या. एक दिवा शाबूत होता. मेकॅनिकने तो पेटवून पाहिला आणि म्हणाला, ‘ये तो आसमान देख रहा है, साहब. किसने लगाया?’

वहिनींचा चेहरा मी पाहिला. मला तो नीट आठवतो, म्हणून मी त्याची नक्कल कधी करत नाही. त्या म्हणाल्या, ‘मी.’ मग माझ्याकडे बघून, ‘पट्टीच्या खालीच आणला होता ना हो, भाऊजी?’

त्यांनी विचारलं होतं. मला नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

मी म्हणालो, ‘त्या दिवशी फार गाड्या होत्या, वहिनी. होतं असं.’

होतं असं! किती समजूतदार वाटतो ना मी?

अनंताला माझं गाडीतलं वाक्य आठवत होतं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या तो बायकोला म्हणाला, ‘तुझी हौस माझ्या पायावर आली.’ मी पलंगाशेजारी संत्रं सोलत होतो. सोलत राहिलो.

सित्रा भागातल्या एका गॅरेजवाल्याने, बहरीनी गृहस्थाने, वहिनींचं काम पाहून त्यांना नोकरीला बोलावलं होतं. व्हिसा बदलून घ्यायचंही ठरत आलं होतं. त्यांनी स्वतःच नाही म्हणून कळवलं. पुढच्या हिवाळ्यात भिंतीसमोर एकही गाडी लागली नाही. का? कारण तोवर मी गोष्ट रचली होती. ‘वैजूवहिनींचे दिवे आणि अनंताचं स्वर्गदर्शन.’ वहिनी स्क्रू फिरवतायत, अनंता आकाशात बघतोय, मेकॅनिकचं हिंदी – काय रंगायची! गणपतीत, दिवाळी फराळाला, कुणाच्या बारशालाही. लोक म्हणायचे, ‘ती फॉगची होऊन जाऊ दे.’ वहिनी समोर असल्या तर त्याही हसायच्या, मान खाली घालून. मी ते पाहायचो आणि पुढचं वाक्य टाकायचो.

मागच्या वर्षी ती दोघं कायमची नाशिकला परतली. निरोपाच्या जेवणाला अर्थातच फर्माईश झाली. मी सांगितली. कधी नव्हे इतकी सुंदर सांगितली – हो, त्यांच्यासमोर, त्या संध्याकाळी.

जेवणं उरकल्यावर वहिनी माझ्याजवळ आल्या. हातात माझ्यासाठी मसाला दूध. हळूच म्हणाल्या, ‘भाऊजी, मी तुमची कधी माफीच मागितली नाही. तुमच्याही जिवावर बेतलं होतं. आता जाताना मनात राहायला नको.’

आजूबाजूला कुणी नव्हतं. अनंता लांब, खुर्चीचा आधार घेऊन उभा होता. याहून सोयीची वेळ मला कुणी आणून दिली नसती.

मी पेला घेतला आणि म्हणालो, ‘वहिनी, मी तुम्हाला तेव्हाच माफ केलं.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. आणि मी तो घेतला.