अर्जात वारलेले आजोबा

"तुमचे आजोबा कोणत्या साली वारले?" मी विचारले.

समोरची मुलगी गोंधळली. "कोणाचे आजोबा, सर?"

"तुमचे. तुमच्याच निवेदनात तसे लिहिले आहे."

"ते खाली रिक्षात बसलेत, सर. वर यायला तयार नाहीत, एसीने गुडघे धरतात म्हणतात."

मी हातातला कागद पुन्हा वाचला. कागद निःसंदिग्ध होता. जमिनीसाठी आयुष्यभर न्यायालयात झगडलेले आजोबा निकालाची वाट पाहत वारले, आणि त्यांच्या चितेसमोर नातीने वकील होण्याचा निश्चय केला, असे त्यात नमूद होते. मुलगी मात्र रिक्षाकडे बोट दाखवत होती. दोहोंपैकी पुरावा म्हणून काय ग्राह्य धरावे, हे मला काही क्षण खरोखरच कळेना.

नोकरीभर मी एका सार्वजनिक उपक्रमात विधी अधिकारी होतो. निवृत्तीनंतर वाशीतील एका ॲडमिशन काउन्सेलिंगच्या ऑफिसात मॉक इंटरव्ह्यू घेण्याचे काम पत्करले. पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमासाठी काही खासगी विद्यापीठे लेखी परीक्षेखेरीज मुलाखतही घेतात. तिची तालीम म्हणजे मॉक इंटरव्ह्यू. अर्जासोबत एसओपी जोडावा लागतो, म्हणजे हा अभ्यासक्रम मला का हवा, हे सांगणारे विद्यार्थ्याचे स्वतःचे निवेदन. 'स्वतःचे' हा शब्द माझा नव्हे, विद्यापीठाच्या नियमावलीतला आहे.

मुलीचे नाव मनाली. घणसोलीजवळच्या तळवली गावची. शहर वसवण्यासाठी तिच्या आजोबांची भातशेती घेतली गेली होती आणि त्या बदल्यात परत मिळायच्या साडेबारा टक्के विकसित जमिनीच्या भूखंडाचा दावा बेलापूरच्या न्यायालयात चालू होता. हे सारे सत्य होते. मृत्यू तेवढा असत्य होता.

"हे निवेदन तुम्ही वाचले नाही?"

"मी सांगितलं, मेंटॉर मॅडमनी ड्राफ्ट केला. मी वाचला त्यात आजोबा जिवंत होते. फायनल ऑफिसने सबमिट केलं. लॉगिन त्यांच्याकडेच असतं ना."

ही त्या ऑफिसाची पद्धत होती. विद्यार्थ्याच्या अर्जाचा पासवर्ड ऑफिस आपल्याकडे ठेवी. मुलांना अभ्यासाला वेळ मिळावा, पालकांना टेन्शन नको, असे त्याचे समर्थन केले जाई. पालकही समाधानाने मान डोलावत. फ्लॅटचा करारनामा तीनदा वाचणारी माणसे पोटच्या पोराचा अर्ज न वाचता घरी जात.

मी मेंटॉर मॅडमना बोलावले. त्या पंचविशीच्या, कामसू आणि अतिशय नम्र होत्या. त्यांच्या बोलण्यातून जे हाती लागले त्याने माझा गोंधळ दुप्पट झाला. त्याच आठवड्यात कोपरखैरण्याचा ओंकार नावाचा मुलगा माझ्यासमोर बसून गेला होता. त्याचे आजोबा साताऱ्याहून येऊन मार्केटात माथाडी झालेले, आणि ते मात्र नुकतेच वारले होते. मॅडमना मुलाच्या आजोबांचा मृत्यू हृद्य वाटला आणि मुलीच्या आजोबांची जमीन. दोन्ही एकत्र केल्यावर स्टोरी 'पूर्ण' झाली. ती दोघांच्याही अर्जांत गेली, आणि दोन्ही अर्ज एकाच विद्यापीठाला गेले. एका अर्जात जमीन खरी, मृत्यू खोटा. दुसऱ्यात मृत्यू खरा, जमीन खोटी. ओंकारने बोनकोड्यातल्या गेलेल्या शेतीचे वर्णन केले तेव्हा मी त्याची पाठ थोपटली होती, हेही येथे नोंदवतो.

प्रत्येक अर्जाच्या तळाशी एक घोषणा असते. वरील माहिती सत्य आहे. असत्य आढळल्यास प्रवेश कोणत्याही टप्प्यावर रद्द होईल. कोणत्याही टप्प्यावर, म्हणजे चौथ्या वर्षीसुद्धा. मनालीची मुलाखत पुढच्या सोमवारी होती.

मी संचालकांना पत्र लिहिले. ते पलीकडच्याच केबिनमध्ये बसत, तरी पत्रच लिहिले. नऊ मुद्दे, शेवटी विनंती. उत्तरादाखल माझ्या फोनवर अंगठ्याचे चित्र आले. त्याला पोच मानावे, संमती मानावी की उपहास, याबाबत मी आजही साशंक आहे. म्हणून मी उठून केबिनमध्ये गेलो.

"काका, एवढं मनावर घेऊ नका," संचालक म्हणाले. वयाने ते माझ्या धाकट्या मुलाएवढे. "पॅनल काय डेथ सर्टिफिकेट मागतंय का?"

"मी येथे कोणाचा काका नाही. दुरुस्ती पाठवा."

"पाठवली की ती रेड फ्लॅग होणार. मुलीचंच नुकसान. आणि फार तर टायपिंग मिस्टेक म्हणू."

"टायपिंगच्या चुकीने माणूस मरत नाही."

संताप बाजूला ठेवून सांगतो, त्यांचा पहिला मुद्दा निराधार नव्हता. दुरुस्ती पाठवली तर संशय मुलीवर येणार होता. न पाठवली तर बहुधा कोणाला कळणारही नव्हते. घराण्यातली ही पहिली मुलगी बारावीपुढे चालली होती आणि याच एका विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत ती उत्तीर्ण झाली होती. मी कायदा सांगू शकत होतो. जागेची हमी देऊ शकत नव्हतो.

अखेर कुटुंबाला बोलावले. वडील कंपनीतून गणवेशातच आले. आजोबांना धरून वर आणले. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल. सोफ्याच्या अगदी कडेला बसून त्यांनी माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. वडील संतापले, मेंटॉर मॅडमना काय बोलू आणि काय नको असे त्यांना झाले होते. आजोबांनी हात वर करून त्यांना गप्प केले.

"साहेब, पोरीला शीट मिलाली पायजे. मना कागदावर मारलाय तं ऱ्हाव द्या. जमीन बी कागदावरच गेली व्हती. आता मी गेलू, तं काय झाला?"

संचालकांचा चेहरा उजळला. माझ्याकडे नऊ मुद्दे होते, पण या युक्तिवादाला त्यांतला एकही लागू पडेना. ज्याच्यावर अन्याय झाला तोच तो माफ करत होता.

तेवढ्यात मनाली म्हणाली, "आजोबा, पुढच्या महिन्यात तुमची तारीख आहे ना?"

"हाय."

"तुम्ही कोर्टात उभे राहणार आणि माझ्या सहीच्या अर्जात तुम्ही गेलेले. समोरच्या वकिलाला तो कागद मिळाला तर?"

दावा करणारा मरण पावला आणि वारसांची नावे मुदतीत दाखल झाली नाहीत, तर दावा बाद होतो. एसओपीवरून कोणाचा मृत्यू सिद्ध होत नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगितले. परंतु त्याच्या जोरावर तारखा वाढवता येतात, आणि त्या कुटुंबाला तारखा म्हणजे काय हे माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

आजोबांनी टॉवेलने तोंड पुसले. "तं मग मना जिता करा," ते म्हणाले.

मी चार पानांचा मसुदा केला. मनालीने तो नम्रपणे वाचला आणि पाच ओळींचा ईमेल स्वतः लिहिला. निवेदन माझ्या बोलण्यावरून दुसऱ्याने लिहिले, अंतिम प्रत मी पाहिली नव्हती, माझे आजोबा हयात आहेत, बाकी खरे आहे, मुलाखतीत याबद्दल अवश्य विचारावे. विद्यापीठाकडून यंत्राने पाठवलेले उत्तर आले, की आपली शंका आमच्यासाठी महत्त्वाची आहे. ती शंका नव्हती. मी त्यावर पत्र लिहिणार होतो, मनालीने लिहू दिले नाही.

ओंकारच्या वडिलांशीही मी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, आणि आमचे आम्ही बघू म्हणाले.

मुलाखतीत मनालीला कायद्याविषयी जवळजवळ काही विचारले नाही. सगळा वेळ त्या ईमेलवर गेला. दुसऱ्याकडून का लिहून घेतले, पासवर्ड का दिला, वाचले का नाही. एकाही प्रश्नाला चांगले उत्तर नव्हते, म्हणून खरे तेच सांगितले, असे ती बाहेर आल्यावर म्हणाली. ओंकारला त्या जमिनीबद्दल पॅनलने काहीही विचारले नाही. पहिल्या यादीत त्याचे नाव आले. मनाली वेटिंगवर राहिली आणि शेवटच्या यादीत, वर्ग सुरू होण्याच्या तोंडावर तिला जागा मिळाली. आज दोघे एकाच वर्गात आहेत.

यातून कायद्याचा कोणता सिद्धान्त निघतो, यावर मी बराच विचार केला आहे. खरे बोलणाऱ्याला उशिरा मिळाले, न बोलणाऱ्याला लवकर. फरक एवढाच, की चौथ्या वर्षी कोणी जुने अर्ज उघडले तर दोघांपैकी एकालाच झोप लागेल. हा न्याय आहे की निव्वळ योगायोग, मला सांगता येत नाही. ऑफिसाने पुढच्या हंगामात मला बोलावले नाही. त्याचे कारण मात्र मला पूर्ण समजते.

पालकांना एवढेच सांगतो. मुलाच्या अर्जाचा पासवर्ड मुलाकडे ठेवा. आणि सबमिट करण्यापूर्वी, अर्जात ज्यांची नावे आहेत त्यांना तो एकदा वाचून दाखवा. निदान जे ऐकू शकतात त्यांना तरी.