नाव तिकडं, पोट इकडं

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला. मी गावची सुईण, चौथी शिकलेली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. साहेब म्हणाले, आता एकही गरोदर बाई नजरेतून सुटणार नाही. मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

त्याच वर्षी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला कुरुंदवाडकडं दिलेली, आम्ही शाहूवाडीच्या डोंगरात. सातव्या महिन्यात ओटी भरून सासरच्यांनी पाठवली. ही रीत साऱ्या जिल्ह्याला ठाऊक. कॉम्प्युटरला सांगायची तेवढी राहिली होती.

आमच्या नर्सबाई छापील यादी घेऊन गल्लीत यायच्या आणि आमच्या दारावरून पुढं जायच्या. यादीत मुलीचं नाव नव्हतं. तिकडच्या नर्सबाई तिच्या सासरी जाऊन परत फिरायच्या. तिकडच्या यादीत तिच्या नावापुढं ‘गैरहजर’ पडायचं.

आठवा सरताना तिचे पाय सुजले. पाय सगळ्यांचेच सुजतात, असं मीच म्हणाले. सुईण ना मी! मग तोंड सुजलं, डोकं ठणकायला लागलं, बांगड्या हातात रुतल्या. तेव्हा कुठं तिला दवाखान्यात नेली.

कॉम्प्युटरवर बसलेला म्हणाला, “मावशी, हिचं नाव हितं न्हाय. नोंद तिकडं हाय. तिकडनं बदलून आणा.”

“नाव तिकडं असूंदे. पोट हितं हाय की!”

“तसं मशीन घेत न्हाय.”

“मग मशिनीलाच बाळंत कर!”

बाकावरच्या बाया हसल्या. आवाज ऐकून नर्सबाई बाहेर आल्या. मुलीचं तोंड बघून त्यांनी आधी रक्तदाब घेतला. मग कुणी हसलं नाही. जीपमध्ये घालून कोल्हापूरला नेली. पोट कापून नातू काढला. दोघं जगली.

डॉक्टरांनी विचारलं, “सूज कधीपासनं?”

“दोन दिवस,” मी म्हणाले. आठ दिवस होती.

पुढं सहा-सात महिन्यांनी यादीत माहेरच्या गावाचा नवा रकाना आला. नर्सबाई हौसेनं दाखवायला घरी आल्या. पहिलंच नाव माझ्या मुलीचं. पुढं लिहिलेलं, ‘बाळंतपण बाकी’. नातू रांगत येऊन तो कागद ओढत होता.

मी यादीला नावं न ठेवता चहा टाकला. डॉक्टरांपुढं आठ दिवसांचे दोन मीही केले होते.