मंडळाचा बिस्किटांचा डबा

घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे आमच्या मंडळाचे किस्से साठत जातात. मुद्दाम एकही ठेवलेला नसतो, पण कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. मंडळ म्हणजे फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या चर्चमधलं कॅथलिक पुरुषांचं बंधुमंडळ. उद्देश दानधर्म आणि समाजसेवा. प्रत्यक्षात मीटिंग आणि कॉफी.

मी मूळचा वसईचा, इथे चिप बनवायच्या मशीनांवर काम करतो. एका रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर मंडळाचा अध्यक्ष हेंक, निवृत्त हेडमास्तर, माझ्याकडे आला. मला वाटलं, माझी श्रद्धा बघून आला असेल.

"तुझे गुडघे कसे आहेत?" त्याने विचारलं.

"चांगले आहेत."

"मग तू आमचा बंधू. टेबलं उचलायला कुणी उरलेलं नाही."

*

पहिल्याच मीटिंगला हेंकने बिस्किटांचा डबा फिरवला. प्रत्येकाने एक घेतलं आणि झाकण टप्पकन बंद! दुसऱ्यासाठी पुढे केलेल्या हाताने मी डोकं खाजवलं. कॉफीबरोबर एकच, ही इथली पद्धतच. पण हेंक ते झाकण तिजोरी लावावी तसं लावायचा.

हे ऐकून माझ्या बायकोला, मर्सीला, भयंकर कीव आली. पुढच्या मीटिंगला तिने डबा भरून फुगे तळून दिले. आमच्याकडे सणाला करतात ते, गोड, टम्म. प्रत्येक बंधूने एक उचलला, डोळे मिटून खाल्ला, तोंडभर कौतुक केलं. मग हेंकने झाकण लावून भरलेला डबा मला परत दिला.

"आवडले नाहीत का रे त्यांना?" मर्सी म्हणाली. अजून ती त्यांच्यावर रागावून आहे.

*

सिरियाहून आलेल्या कुटुंबांना सूप द्यायचं ठरलं. मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. वाटाणे कुठले, पातेलं कुणाचं, टेबलं कोण उचलणार. (मी.) पाहुणे अगदी वेळेवर आले. पण इथल्या वाटाण्याच्या सुपात डुकराचं सॉसेज असतं, आणि मुसलमान पाहुण्यांना ते चालणार नाही हे इतक्या मीटिंगांत कुणालाच सुचलं नव्हतं. मलाही नाही. बिचाऱ्यांनी नुसता पाव खाल्ला. सूप बंधूंनी संपवलं.

"अरे, पाहुणे उपाशी गेले," मी म्हणालो.

"पातेलं रिकामं झालं ना?" हेंक म्हणाला. "म्हणजे कार्यक्रम यशस्वी."

*

आमचा खजिनदार विम हॉस्पिटलमध्ये होता. त्याला भेटायला जायचं, म्हणून सगळ्यांनी डायऱ्या काढल्या. सगळ्यांना जमेल असा दिवस पुढच्या महिन्यात निघाला. हेंकने लगेच विमला फोन लावला. विमने हॉस्पिटलच्या खाटेवरून स्वतःची डायरी बघितली.

"त्या दिवशी नाही जमणार," तो म्हणाला. "मी टेनिसला जातो."

*

एकट्या माणसांना घरी जाऊन भेटायचं, हा मंडळाचा सगळ्यात जुना उपक्रम. परवाच्या मीटिंगला हेंक म्हणाला, "एक नवा माणूस आहे. म्हातारा, एकटा राहतो. कुणी येत-जात नाही. कोण जाईल?"

डायऱ्या उघडल्या. कुणाकडे नातवंडं येणार होती, कुणाची बाग राहिली होती. एरवी हेंक नावं वाटून मोकळा होतो. त्या दिवशी तो वाट बघत उभा राहिला. मलाच ते बघवेना. मी हात वर केला, आणि टेनिस रद्द झालं म्हणून विमनेही.

"तू येशील ना?" मी हेंकला विचारलं.

"मी असेन तिथे," तो म्हणाला आणि पत्ता दिला.

शनिवारी तीनच्या ठोक्याला आम्ही फ्लॅटची बेल वाजवली. दार हेंकने उघडलं. शर्टाला कडक इस्त्री.

"आमच्या आधी पोचलास?" विम म्हणाला. "तो माणूस कुठे आहे?"

"आत या. कॉफी तयार आहे."

आत टेबलावर तीनच कप मांडलेले. भिंतीवर हेंकच्या बायकोचा फोटो. ती गेल्यावर त्याने घर बदललं हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. कुठे, ते कुणी विचारलं नव्हतं. विमने डायरी खिशात टाकली आणि खुर्ची ओढून बसला.

हेंकने बिस्किटांचा डबा आणला. विमने एक घेतलं, मी एक घेतलं. मग हेंकने झाकण उचललं आणि लांब खिडकीत नेऊन ठेवलं.

"घ्या ना," तो म्हणाला. "अजून आहेत."