शांताराम स्टेनोंचं मृत्युपत्र

शांताराम पांढरीपांडे चार दिवसांपासून एका जागी बसत नव्हते. भोपाळच्या कोटरा सुल्तानाबाद वस्तीतल्या आपल्या घरात ते सारखे येरझारा घालत. पंखा लावत, बंद करत, फाटकाची कडी पुन्हा पुन्हा पाहून येत. चहा समोर निवून जाई.

माणूस तसा वल्ली. वडील सरकारी दप्तराबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि शांताराम पुढे एका दिवाणी वकिलाकडे स्टेनो म्हणून चिकटले, ते अडतीस वर्षं. साहेब वारसाहक्काचे खटले लढत, हे त्यांचं लॅटिन टाइप करत. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण लॅटिनचा तोरा असा की विचारू नका. वारस म्हणजे ‘हेरेस’, मृत्युपत्र न करता गेलेला तो ‘इंटेस्टेटस’. लग्नाच्या पंगतीत कुणी घराच्या वाटणीचा विषय काढायचा अवकाश, की हे जिलबी बाजूला सारून सुरू. लोक हसत, यांना ते कौतुकच वाटे.

आणि अशा माणसाने सोमवारी स्वतःच्या मृत्युपत्रावर निमूटपणे सही ठोकली होती. धाकट्या हेमंतने ते टाइप करून आणलं, दोन शेजारी साक्षीला बोलावले. सगळं घर हेमंतला. थोरला हर्षल अकरा वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याच्या बायकोने पुढे दुसरं लग्न केलं आणि मुलगी शमिका आईबरोबर भोपाळमधल्याच अयोध्या नगरला राहायला गेली. “ती आता दुसऱ्या घरची, बाबा,” असं हेमंत म्हणाला, आणि शांतारामांनी मान डोलावली. म्हातारपणी ज्याच्या हातचं खायचं त्याच्याशी वाद घालायची भीती वाटते माणसाला. लाज वाटली ती नंतर, आणि ती काही केल्या जाईना.

शुक्रवारी सकाळी शमिकाचा फोन आला. पोरगी लॉच्या दुसऱ्या वर्षाला होती.

“आबा, कल पेपर आहे. ते ‘पर स्टर्पीज’ जरा फटाफट समजवा ना.”

शांताराम चार दिवसांत पहिल्यांदा खुलले. “अगं, सोपं आहे. स्टर्प्स म्हणजे झाडाचा बुंधा. एखाद्याचा मुलगा त्याच्या आधी गेला, तरी तो बुंधा तोडायचा नाही. त्याचा हिस्सा काढायचा आणि त्याच्या लेकरांना द्यायचा. मृत्युपत्र नसेल तर आपला कायदाही तसंच करतो.”

“म्हणजे बाबा नसले तरी बाबांची जागा राहते?”

“राहते,” ते कसेबसे म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मग ते तडक कपाटाशी गेले. मृत्युपत्र बाहेर काढलं आणि उभं-आडवं फाडलं. आवाज ऐकून हेमंत आतून आला. पलंगावरचे तुकडे बघून त्याचा चेहराच उतरला.

“बाबा, ये क्या?” मग त्याने स्वतःला सावरलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “चुकून फाटलं ना? रद्दी समजून? होतं या वयात. चिकटवून घेऊ. साक्षीदारांनाही सांगू, चुकून झालं.”

हेमंत समजूत घालत होता, पण शांतारामांना त्यातली कायद्याची मेख दिसली. साहेबांनी शंभरदा टाइप करून घेतलेले शब्द आठवले: ‘आनिमो रेवोकांदी’, रद्द करण्याच्या इराद्याने. तो इरादा नसेल तर फाटलेलं मृत्युपत्रही कायद्याने शाबूत राहतं. आता नुसतं “हो रे, चुकून” म्हटलं की दुपारचं जेवण सुखाने होणार होतं, आणि शमिका कायमची बाहेर.

“चुकून नाही,” ते म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, “मुद्दाम फाडलंय. पूर्ण शुद्धीत.”

“पण का, बाबा?”

“हर्षल माझा कुणीच नव्हता, असं मी सही करून दिलं होतं, हेमंत. बापाने तसं लिहून द्यायचं नसतं. जा, बोलाव साक्षीदारांना. त्यांच्यासमोर सांगतो.”