शेवटच्या पानावरची मिठी

हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, शुभाला तर नाहीच — आणि शुभा माझी सख्खी धाकटी बहीण. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. पण माझं पुस्तक कदाचित तुमच्या घरात असेल. असेल तर त्याचं शेवटचं पान तुम्ही बघितलं असेल. सगळ्यांना तेच पान आवडतं.

एरवी मी फटकळ बाई. नायगावला आमच्या टॉवरमध्ये कोणालाही विचारा. लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरीला मीच फैलावर घेते, भाजीवाल्याने शिळी मेथी दिली तर परत त्याच्या टोपलीत टाकून येते. म्हणजे मला बोलता येत नाही असं नाही. मग त्या एका गोष्टीवर मी मूग गिळून का बसले? भीती होती का? कोणाची? मला धमकी देणारं कोणीच नव्हतं हो.

मी चित्रं काढते. पंधरा वर्षं गाइडांमधली आणि व्यवसायमालांमधली चित्रं काढली — गाय, ट्रॅक्टर, हात धुणारा मुलगा, आदर्श कुटुंब. त्याखाली माझं नाव कधी आलं नाही. मग पुण्याच्या एका संपादकबाईंनी विचारलं, मुलांसाठी एक कॉमिक कराल का? नायिका ऑटिस्टिक मुलगी हवी. खरी हवी, दया वाटेल अशी नको, आकडेमोडीची जादूगार नको. मी लगेच म्हटलं, माझ्या घरातच आहे.

घरात म्हणजे शुभाची जुई. तेव्हा दहा वर्षांची. तुळिंजला राहतात ते, बाजाराच्या वरच्या माळ्यावर, खाली दिवसभर हॉर्न आणि लाउडस्पीकर. जुई कानावर मोठे हेडफोन लावून फिरते. तिला 'स्वमग्न' म्हटलेलं आवडत नाही. म्हणते, मी कुठे मग्न असते, मला तर सगळ्यांचंच ऐकू येतं. आणि तिला कोणी हात लावलेला चालत नाही. आईनेसुद्धा आधी विचारायचं. "धरू?" ती हो म्हणाली तर धरायचं, नाही म्हणाली तर नाही. शुभाने हे शिकायला चार वर्षं घालवली होती, माराच्या आणि रडण्याच्या चार वर्षांतून शिकली होती ती.

कॉमिकमधली मुलगी रेवा. शाळेची सहल राजोडीच्या किनाऱ्यावर जाते, कोणीतरी मोठ्याने गाणी लावतं, रेवा कान झाकून वाळूत बसते. मुलं आधी हसतात, मग त्यांना कळतं. आणि शेवटच्या पानावर — संवादाचा एकही फुगा नाही, पानभर एकच चौकट — सगळी मुलं रेवाला चहूबाजूंनी मिठी मारतात आणि ती डोळे मिटून हसते. त्या पानावर मी आठ दिवस बसले होते. सात मुलांचे चौदा हात, एकात एक गुंतलेले. इतकी छान गुंफण मला आयुष्यात जमली नव्हती. खोटं कशाला बोलू, ते पान मी स्वयंपाक करतानाही ओट्याशी टेकवून ठेवायची.

छापायला देण्याआधी संपादकबाई म्हणाल्या, जुईला सगळी पानं दाखवा. तिला काही खटकलं तर सांगा, आपण बदलू. अगदी असंच म्हणाल्या. वेळ होता त्यांच्याकडे.

जुईने पानांच्या झेरॉक्स दोन दिवस ठेवून घेतल्या. हेडफोनची वायर उजवीकडे हवी, वाळूत ती चपला काढणार नाही, अशा पेन्सिलने बारीक नोंदी केल्या. सगळ्या बरोबर. आणि शेवटच्या पानावर भली मोठी फुली. खाली लिहिलं होतं — इथे ती हसत नाही. इथे तिला दुखतं. मागच्या कोऱ्या बाजूला तिने स्वतः एक चित्र काढलं होतं. मुलं लांब लांब उभी, सगळ्यांची पाठ रेवाकडे, म्हणजे कोणी बघत नाही. मध्ये रेवा एकटी, बरी होत बसलेली. काड्यांची माणसं ती, पण मला बघताक्षणी कळलं की गोष्टीचा शेवट हाच आहे. कळलं नाही असं मी म्हणूच शकत नाही.

संपादकबाईंचा फोन आला. "जुईने पाहिलं?" मी म्हटलं, "पाहिलं. खूप आवडलं तिला. शेवट तर फारच."

एवढंच. भाजी फोडणीला टाकता टाकता बोलले. शुभालाही मग तेच सांगितलं. पुस्तकाच्या मागे छापलं गेलं — एका ऑटिस्टिक मुलीने पानन् पान स्वतः तपासलेलं पुस्तक. मुखपृष्ठावर माझं नाव, पहिल्यांदा, ठळक अक्षरात.

जुईच्याच शाळेने वाचनाचा कार्यक्रम ठेवला. मी पाहुणी. नवी साडी, हातात गुच्छ. वर्गाच्या बाईंनी मोठ्या पडद्यावर पानं दाखवत गोष्ट वाचली, आणि वर्ग मन लावून ऐकत होता. माझी नजर मात्र जुईकडे. ती तिसऱ्या बाकावर ताठ बसली होती. पानं जसजशी पुढे सरकत होती तसतशी ती बाकाच्या कडेला सरकत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना — काय होणार ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मला आणि तिला.

शेवटचं पान आलं. बाई कौतुकाने म्हणाल्या, "मग? आपल्या वर्गातही एक रेवा आहे की नाही?"

मुलं उठली. वाईट नव्हती हो ती, एकही नव्हतं. हसत, प्रेमाने, पुस्तकात होतं तसंच हात पसरून उठली. जुईने माझ्याकडे बघितलं. ती सहसा कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. मी तोंड उघडलं असतं, "थांबा" एवढं म्हटलं असतं, तर पुरे होतं. पण मागे मुख्याध्यापक मोबाइलवर शूटिंग करत होते, आणि "थांबा" म्हटलं की "का" आलं असतं. मी गुच्छ धरून उभी राहिले. हात तिच्या अंगावर मिटले, आणि मग आतून तो आवाज आला. तो मी तुम्हाला सांगू शकत नाही.

कोणाच्या तरी मनगटाला ती चावली. रक्त निघालं. बाई नुसत्याच गोंधळल्या. शाळेत झाडलोट करणाऱ्या आक्का, मच्छीमार पाड्यावरच्या, दारातून धावत आल्या आणि त्यांनी मुलांना दूर केलं. "बाजूला व्हा रे पोरांनो. तिला श्वास घेऊ द्या, पानी आना." त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं.

परतताना रिक्षात शाळेने फोन करून बोलावलेली शुभा, मध्ये जुई, आणि मी. शुभा रडत होती. म्हणाली, "ताई, हिनेच तुला सांगितलं होतं ना, आवडलं म्हणून? मग आज असं का केलं हिने?"

आता बघा. इथेही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "मूड नसेल गं."

जुई समोर बघत म्हणाली, "मी फुली मारली होती."

शुभाने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — माझ्या डोळ्यांदेखत वाढलेल्या पोरीला — म्हणाले, "नाही गं राणी. तू विसरलीस. तू हो म्हणाली होतीस."

जुई काहीही विसरत नाही. रस्त्यावरच्या रिक्षांचे नंबर तिला दोन वर्षांनंतर आठवतात. तिने माझ्यापुढे हात पसरला. मग म्हणाली, "कागद दाखव." मी म्हटलं, "टाकून दिला बेटा, रद्दीत गेला." तो कागद माझ्या कपाटात आहे, साड्यांखाली. फेकवत नाही आणि दाखवतही नाही.

शाळेने तिला काही महिने घरी ठेवायला सांगितलं. आणि शुभा बदलली. तिचा हिशोब साधा होता — पोरगी एकदा हो म्हणते, मग नाही म्हणते, मग स्वतःच काय म्हणाली ते विसरते, म्हणजे तिच्या नाहीला किती अर्थ असणार? शुभाने विचारणं सोडलं. सवय होईल, म्हणाली. रोज सकाळी धरायची, आधी दहा आकडे मोजेपर्यंत, मग वीस. जुई पहिले काही दिवस ओरडली. मग तिचा आवाज बसला. मग थांबली.

मध्ये संपादकबाईंचा पुन्हा फोन आला, नवी आवृत्ती निघतेय, काही बदल करायचाय का. मी म्हटलं, नाही.

गेल्या महिन्यात शुभाकडे सत्यनारायण होता. जुई आता बारा वर्षांची, परकर-पोलकं घातलेलं, हेडफोन नाहीत. येणारी प्रत्येक बाई तिला जवळ घेत होती, गालाला गाल लावत होती. जुई हात खाली सोडून उभी. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ प्रसादाला आले, मी त्यांना ओळखत नाही. त्यांनीही "काय गं मोठी झालीस" म्हणत तिला खांद्याला धरून अंगाशी ओढलं, आणि बराच वेळ बोलत तसेच धरून उभे राहिले. ती हलली नाही. भिंतीकडे बघत होती, ओठ हलत होते. आकडे मोजत होती ती.

शुभा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघ ताई, किती सुधारली. आता कोणालाच नाही म्हणत नाही."

मी म्हटलं, "हो गं." आणि द्रोणात शिरा वाढत राहिले.