खळ्यातला जवळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही; बायकोला तर नाहीच. विश्रांतीसाठी आम्ही एका कोळीवाड्यात उतरलो होतो. पहिल्याच सकाळी वासानं जाग आली. खिडकीखालच्या खळ्यात, म्हणजे सारवलेल्या अंगणात, घरमालकीण हिराकाकी जवळा, ती बारीक कोळंबी, वाळत घालत होत्या आणि माझी शुभा शेजारी उकिडवी बसून त्यातला कचरा निवडत होती. दोघी खिदळत होत्या. मी नाक दाबलं. मी खिडकी आपटली.

शुभा हात धुवायला विहिरीकडे गेली, तशा काकी दाराशी आल्या. "दादा, वासाचा तरास होतो काय?"

"मला नाही हो, हिला होतो. भिडेनं बोलत नाही."

काकींचा चेहरा उतरला. "आता तर माझ्यासंगट हसत व्हती!"

त्यांनी सगळा जवळा मागच्या सावलीत नेला. तिथे तो वाळेना. दमटला, किडे पडले, फेकावा लागला. शुभाशी त्या पुढे कामापुरतंच बोलल्या. मी मात्र त्याच दुपारी जवळ्याची चटणी दोनदा मागून घेतली.

आपल्याला समुद्र हवा असतो, मासळी ताटातच हवी असते. त्या वासाची शिसारी केव्हाच गेली. माझ्या त्या सभ्य, मऊ आवाजाची अजून येते, अगदी घास तोंडात असताना.

शुभा अधूनमधून विचारते, "अहो, काकी अशा तुटक का वागल्या हो? माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं, खोटं मी बोललो, हे दोघींना सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.